‘माणिक’ मुलाचं नाव की मुलीचं? एका नावावरून संशोधनाचा प्रश्न कसा घडतो

पेट पास झालेल्या, सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या बहुतेकांची एकच तक्रार ऐकू येते : “विषय आहे, पण प्रश्न सापडत नाही.” खरं तर विषय आणि प्रश्न यांत काय फरक आहे, हेच आपल्याला कुणी नीट करून दाखवत नाही. म्हणून आज तो फरक एका अगदी छोट्या उदाहरणावर करून बघू. उदाहरण आहे एका नावाचं : माणिक.

आमच्या विभागातल्या एका ज्युनिअरच्या घरी बाळाचं नाव ठरवायचं होतं. घरातल्या कुणाला तरी ‘माणिक’ आवडलं. लगेच दोन गट पडले. एक म्हणे, हे पुरुषाचं नाव आहे. दुसरा म्हणे, छे, बाईचं. तिसऱ्याचं म्हणणं, नाव छान आहे पण फार जुनं आहे, आता कुणी ठेवत नाही. मी रसायनशास्त्राची, त्यामुळे तिने मला विचारलं ते ‘माणिक म्हणजे नक्की कुठला दगड’ एवढंच. पण बाकीचे प्रश्नच जास्त मजेशीर निघाले.

एक प्रश्न नाही, तीन प्रश्न आहेत

बाळाच्या नावांची यादी देणाऱ्या कुठल्याही पानावर गेलात तर एका नावापुढे सगळं एका ओळीत मिळतं : अर्थ, उगम, रास, मुलगा की मुलगी, किती लोकप्रिय. ओळ एकच असल्यामुळे वाटतं की ही सगळी माहिती एकाच प्रकारची आहे. तशी ती नाही.

‘अर्थ काय’ याचा पुरावा शब्दकोशात आणि प्रत्यक्ष वापरात मिळतो. ‘कुठून आलं’ याचा पुरावा भाषेच्या इतिहासात मिळतो. ‘किती लोकांचं आहे आणि त्यात मुलगे किती, मुली किती’ याचा पुरावा फक्त मोजणीतूनच मिळतो. पहिल्या प्रश्नाचा पुरावा तिसऱ्याला चालत नाही. ‘माणिक म्हणजे रत्न’ हे कितीही पक्कं असलं, तरी त्यावरून ते मुलाचं नाव आहे की मुलीचं हे काहीच कळत नाही. ‘कोणत्या प्रश्नाला कोणता पुरावा लागेल’ हे ज्या दिवशी तुम्ही स्वतःला विचारायला लागता, त्या दिवशी विषयाचा प्रश्न व्हायला लागतो.

अर्थ : ‘रूबी’ म्हटलं की संपलं का?

आजच्या खनिजशास्त्रात उत्तर सरळ आहे. माणिक म्हणजे कोरंडम, म्हणजे स्फटिकरूपातलं ॲल्युमिनियम ऑक्साइड. शुद्ध कोरंडमला रंग नसतो. त्यातल्या काही ॲल्युमिनियम अणूंच्या जागी क्रोमियम बसलं, साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी, की दगड लाल दिसतो. त्याच कोरंडममध्ये लोह आणि टायटॅनियम आलं की तो निळा होतो आणि आपण त्याला नीलम म्हणतो. म्हणजे माणिक आणि नीलम ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने सख्खी भावंडं.

पण नाव ठेवणाऱ्यांच्या डोक्यात हा अर्थ असतो का? लाल रत्नांची रासायनिक ओळख पक्की होऊ लागली ती अठराव्या शतकाच्या अखेरीपासून. त्याआधी स्पिनेलसारखे लाल दगडही माणिक म्हणून खपत. ब्रिटिश राजमुकुटात बसवलेलं प्रसिद्ध ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’ हे प्रत्यक्षात माणिक नाहीच, स्पिनेल आहे. शब्द जुना, व्याख्या नवी. जुन्या शब्दाला आजची व्याख्या लावताना ही तारखांची तफावत कायम लक्षात ठेवायची.

शिवाय शब्दाला कोशाबाहेरचाही अर्थ असतो. बंगालीत लहान मुलाला लाडाने ‘सोना-मानिक’ म्हणतात. तिथे दगडाचा रंग कुणाच्याही मनात नसतो, ‘माझं मोलाचं’ एवढंच असतं. नाव ठेवताना आईबापांच्या मनात बहुतेक वेळा हाच अर्थ असतो.

उगम : शब्दाचा आणि नावाचा वेगळा

शब्दाचा प्रवास स्पष्ट आहे. संस्कृत ‘मणि’वरून ‘माणिक्य’, त्याचं प्राकृतात ‘माणिक्क’ आणि मग मराठीत ‘माणिक’. तमिळमध्ये तोच शब्द ‘माणिक्कम्’ झाला. साधारण नवव्या शतकातले शैव संतकवी माणिक्कवाचकर यांच्या नावाचा अर्थच मुळी ‘ज्याची वाणी माणकासारखी आहे तो’ असा आहे. म्हणजे हा शब्द संस्कृतोद्भव भाषांपुरता राहिला नाही, दक्षिणेतही नावांमध्ये रुजला.

इथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. शब्दाचा उगम आणि व्यक्तिनाम म्हणून त्याचा वापर या दोन वेगळ्या घटना आहेत. ‘माणिक्य’ हा शब्द प्राचीन आहे म्हणून ‘माणिक हे प्राचीन नाव आहे’ असं म्हणता येत नाही. नावाच्या इतिहासासाठी त्या नावाची माणसं दाखवावी लागतात, तीही तारखेसह. १८१७ साली जन्मलेले संत माणिकप्रभू हा असा एक पक्का खुंटा आहे. बिदर जिल्ह्यात हुमनाबादजवळचं माणिकनगर त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

आता राशीबद्दल. ‘मा’ हे अक्षर मघा नक्षत्राचं, म्हणजे रास सिंह. सिंहेचा स्वामी सूर्य. आणि नवरत्नांत सूर्याचं रत्न कोणतं, तर माणिक! किती सुंदर जुळलं ना? अजून एक घ्या. गायिका माणिक वर्मा यांचा जन्म १६ मे १९२६चा. थिओडोर मेमन याने जगातला पहिला लेसर चालवून दाखवला तो १६ मे १९६० रोजी, आणि त्यात वापरला होता माणकाचाच स्फटिक. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दोन्हींवरून सिद्ध काय होतं? काहीच नाही. पुरेशा ठिकाणी शोधलं की असं काहीतरी जुळतंच. डेटा बघून झाल्यावर सापडलेली जुळणी आणि डेटा बघण्याआधी मांडलेलं भाकीत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तुमच्या प्रयोगवहीत कुठली नोंद आधीची आणि कुठली नंतरची, हे तारखेसकट दिसलं पाहिजे, ते यासाठीच.

मग, मुलाचं की मुलीचं?

पटकन आठवतील अशा व्यक्तींची यादी करू.

- माणिक वर्मा, लग्नाआधीच्या माणिक दादरकर. शास्त्रीय आणि सुगम गायिका.
- माणिक सीताराम गोडघाटे, म्हणजे कवी ग्रेस.
- राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, मूळ नाव माणिक.
- माणिक बंदोपाध्याय, ‘पद्मा नदीर माझी’ लिहिणारे बंगाली कादंबरीकार.
- सत्यजित राय, घरातलं नाव माणिक.
- माणिक सरकार, १९९८ ते २०१८ त्रिपुराचे मुख्यमंत्री.

सहापैकी पाच पुरुष. म्हणजे नाव पुरुषांचं? थांबा. ही यादी मुद्दाम अशी दिली आहे, कारण संशोधनातला सगळ्यात मोठा सापळा इथेच आहे. ही ‘माणिक नावाच्या माणसांची’ यादी नाही. ही ‘प्रसिद्ध झालेल्या माणिक नावाच्या माणसांची’ यादी आहे. विसाव्या शतकात राजकारणात, साहित्यात नाव होण्याची संधी पुरुषांना जास्त होती. त्यामुळे प्रसिद्धांची यादी कुठल्याही उभयलिंगी नावाला पुरुषांकडे झुकवणार. नमुना ज्या चाळणीतून आला त्या चाळणीचा आकार निष्कर्षात उमटतो.

याच यादीत दुसरा सापळाही आहे. ग्रेस आणि तुकडोजी यांच्या पुस्तकांवर ‘माणिक’ शोधलं तर ते ठळकपणे भेटणार नाही. सत्यजित राय यांचं माणिक हे घरगुती ‘डाकनाम’, कागदोपत्री नाही. उलट माणिक बंदोपाध्याय यांचं कागदोपत्री नाव प्रबोधकुमार आणि माणिक हेच डाकनाम, पण पुस्तकांवर तेच आलं. म्हणजे ग्रंथालयाच्या सूचीवरून मोजणी केली तर कागदोपत्री ‘माणिक’ नसलेले बंदोपाध्याय मोजले जातील आणि जन्मापासून ‘माणिक’ असलेले दोघे निसटतील. ‘नाव’ म्हणजे नक्की काय मोजायचं : पाळण्यातलं, दाखल्यावरचं की व्यवहारातलं? हे आधी ठरवून लिहून ठेवलं नाही, तर पुढची सगळी आकडेमोड वाया.

व्याकरण कुठे मदत करतं, कुठे नाही

रत्न या अर्थाने ‘माणिक’ मराठीत नपुंसकलिंगी आहे : ते माणिक, ती माणकं. त्यामुळे शब्दाच्या लिंगावरून नावाला आधीच कुठलाही शिक्का बसत नाही. विभक्तीही वेगळी चालते. दगडाचा रंग ‘माणकाचा’ असतो, पण माणसाचं घर ‘माणिकचं’ असतं. मराठी मजकुराच्या मोठ्या संग्रहात शोध घेताना हा फरक फार उपयोगी पडतो. ‘माणका-’ने सुरू होणारी रूपं बाजूला काढली की बरेचसे दगड बाहेर जातात. मग उरतात माणसं आणि माणिकगड, माणिकडोह, माणिकनगर अशी ठिकाणं.

पुढची पायरी क्रियापद. ‘माणिक आला’, ‘माणिक आली’, आदराने ‘आले’ किंवा ‘आल्या’. लगेच कळतं. पण ‘माणिकने पत्र लिहिलं’ या वाक्यात क्रियापद पत्राच्या मागे गेलं आणि माणिक कोण ते झाकलं गेलं. बंगालीत तर क्रियापदाला लिंग नाहीच, सर्वनामालाही नाही. म्हणजे मराठीसाठी बनवलेली युक्ती बंगाली मजकुरावर चालणार नाही. पद्धत उचलताना ती कुठल्या गृहीतांवर उभी आहे ते बघायचं, ते असं.

आपल्या नावांच्या रचनेचीही मदत होत नाही. ‘माणिक सीताराम गोडघाटे’ यातलं मधलं नाव वडिलांचं आहे, पण बाईच्या नावात तिथेच नवऱ्याचं नाव येऊ शकतं. नुसत्या नावावरून काही सांगता येत नाही.

एक गृहीतक मांडून बघू

जुन्या पिढ्यांत नुसतं ‘माणिक’ म्हणून थांबत नसत. माणिकराव, माणिकचंद, माणिकलाल, माणिकबाई, माणिकताई. लिंग दाखवायचं काम मूळ नाव करत नव्हतं, त्याला चिकटलेला राव किंवा बाई करत होती. हिऱ्याचंही तसंच : हिराबाई आणि हिरालाल. मोत्याचंही : मोतीराम आणि मोतीबाई.

मग माझं गृहीतक असं : राव-बाई लावायची पद्धत मागे पडली, तशी ही नावं उघडी पडली. दाखल्यावर नुसतं ‘माणिक’ लिहिल्यावर ते दोन्हीकडचं वाटू लागलं, आणि ज्या आईबापांना नावातून मुलगा-मुलगी स्पष्ट हवं होतं त्यांनी ते टाळलं.

ऐकायला पटतं. पण पटणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. हे गृहीतक खोटं ठरवायला काय दिसावं लागेल? जर हिरा, मोती, माणिक यांच्याबरोबरच ज्यांचं लिंग अगदी स्पष्ट आहे अशी त्याच काळातली नावंही, समजा गंगूबाई, विठाबाई, पांडुरंग, तितक्याच वेगाने कमी झाली असतील, तर कारण संदिग्धता नाही. त्या पिढीची सगळीच नावं जुनी झाली, एवढंच. म्हणजे मला ‘माणिक’ची एकट्याची मोजणी पुरणार नाही, तुलनेचा गट लागेल. गृहीतक लिहिलं की त्याच्या खालच्याच ओळीत ‘हे केव्हा खोटं ठरेल’ लिहायचं. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो.

इंग्रजीत एव्हलिन, लेस्ली, ॲशली ही आधी पुरुषांची असलेली नावं हळूहळू मुलींची झाली. (कादंबरीकार एव्हलिन वॉ हे गृहस्थ होते.) उलटा प्रवास तिकडे क्वचितच दिसतो. पण हा तिकडचा नियम ‘माणिक’ला जसाच्या तसा चिकटवायचा नाही. ‘माणिक’ आधी पुरुषांचंच होतं, हेच मुळात दाखवलेलं नाही.

लोकप्रियता मोजायची कशाने?

अमेरिकेत सामाजिक सुरक्षा प्रशासन १८८०पासूनच्या जन्मवर्षांची नावं मुलगा-मुलगी अशा विभागणीसह प्रसिद्ध करतं. पण एखाद्या वर्षी ५पेक्षा कमी बाळांचं असलेलं नाव खाजगीपणासाठी यादीत येत नाही. म्हणजे दुर्मिळ नावाच्या बाबतीत ‘यादीत नाही’ याचा अर्थ ‘अस्तित्वात नाही’ असा होत नाही.

आपल्याकडे अशी देशपातळीवरची खुली यादी नाही. जन्म नोंदवताना नाव द्यावंच लागतं असंही नाही. १९६९च्या कायद्यानुसार नाव न देताही जन्माची नोंद होते आणि नाव पुढे घालता येतं. मग संशोधक बहुधा मतदार याद्यांकडे वळतात. त्यांत नाव, वय, लिंग तिन्ही असतं, आणि महाराष्ट्रात ते मराठीत असतं. वयावरून जन्मवर्ष काढलं की दशकानुसार आलेख तयार! पण आलेख काढण्याआधी चार गोष्टी :

पहिली, १८ वर्षांखालचं कुणी त्यात नाही. म्हणजे ‘आता हे नाव ठेवतात का’ याचं उत्तर तिथे मिळणारच नाही. दुसरी, यादीत फक्त हयात माणसं असतात आणि बायका सरासरी जास्त जगतात. त्यामुळे ऐंशीपुढच्या वयोगटात ‘माणिक’ बायकांचं जास्त दिसलं, तर त्यात आयुर्मानाचाही वाटा असेल. तिसरी खास आपली : कित्येक घरांत लग्नात मुलीचं नाव बदलत असत. यादीतली ‘माणिक’ जन्मापासूनची की सासरची, हे यादी सांगत नाही. चौथी, कुठल्याही मोजणीला छेद लागतो. १९४०च्या दशकातल्या ‘माणिक’ १९८०पेक्षा कमी भरल्या, तरी एकूण हयात माणसंच कमी आहेत. दर हजारी किती, ते काढा.

आणि संख्या लहान असेल तर टक्केवारीपासून सावध. समजा, १० ‘माणिक’ सापडल्या, त्यांत ७ पुरुष. ७० टक्के म्हणायचं? विल्सनच्या सूत्राने ९५ टक्के विश्वासांतर येतं साधारण ४० ते ८९. म्हणजे ‘बहुसंख्य पुरुष’ हेसुद्धा खात्रीने म्हणता येत नाही. तेच प्रमाण १,००० माणसांत, ७०० पुरुष असं मिळालं, तर अंतर ६७ ते ७३ इतकं आवळतं. (हे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत.) दुर्मिळ नावाची अडचणच ही आहे, की ते दुर्मिळ असतं.

एक गोष्ट राहिली. मतदार यादी खुली आहे म्हणून ती हवी तशी वापरायची असं नाही. त्यात खऱ्या माणसांची नावं, वयं, पत्ते आहेत. नीतिसमितीकडे आधी जा, मोजण्या एकत्रित स्वरूपातच ठेवा, मूळ नोंदी कुणाला पाठवू नका.

हे सगळं कुणासाठी?

कुणी म्हणेल, एका नावासाठी एवढा खटाटोप? पण हे नावापुरतं नाही. ‘या विषयात स्त्री-संशोधक किती’ अशा अभ्यासांत हजारो शोधनिबंधांवरची नावं घेतात आणि सॉफ्टवेअर पहिल्या नावावरून स्त्री की पुरुष ठरवतं. तिथे नाव रोमन लिपीत असतं. मराठी ‘माणिक’ आणि बंगाली ‘मानिक’ एकच होतात. सॉफ्टवेअरकडची उदाहरणं पुरुषांची जास्त असतील, तर माणिक नावाची प्रत्येक बाई पुरुषांच्या रकान्यात जाते. काही अभ्यासक अशी संदिग्ध नावं वगळतात, आणि तो मार्ग सुरक्षित वाटतो. पण संदिग्ध नावं सगळ्या भाषांत, सगळ्या समाजांत सारखी वाटलेली नसतात. वगळण्यातून कोण वगळलं गेलं, हे तपासावंच लागतं. एखाद्या बाईचं आयुष्यभराचं काम अशा तक्त्यात पुरुषाच्या नावे जमा होतं आणि तिला कधी कळतही नाही. आणि अशाच तक्त्यांवरून ‘या क्षेत्रात बायका कमीच आहेत’ अशी वाक्यं पुढे लिहिली जातात.

म्हणून ज्युनिअरला मी दिलेलं उत्तर असं होतं : शब्द संस्कृत ‘माणिक्य’वरून आलेला, हे पक्कं. नाव म्हणून मराठीत पुरुष आणि स्त्री दोघांचंही, हेही पक्कं, कारण दोन्हीकडची एकेक खात्रीची व्यक्ती दाखवली तरी ते सिद्ध होतं. आता कमी ठेवतात, ही आपल्या सगळ्यांची समजूत आहे, मोजणी नाही. आणि ठेवावं की नाही, हा संशोधनाचा प्रश्नच नाही. तो घरच्यांनी ठरवायचा.

तुमच्यासाठी गृहपाठ : नीलम, किरण, सुमन, शशी यांपैकी एक नाव घ्या. एका पानावर चार ओळी लिहा : प्रश्न काय, पुरावा कोणता, तो कुठल्या चाळणीतून आला, आणि उत्तर केव्हा खोटं ठरेल. (नीलम घेतलंत तर जपून. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांचं ‘नीलम’ हे घराण्याचं नाव होतं.) या चार ओळी जमल्या की तुमच्या स्वतःच्या विषयावर त्याच चार ओळी लिहा. सिनॉप्सिसचं पहिलं पान तयार झालेलं असेल.